राखणदाराची राखण कोणी करायची?

दसरा उलटला की बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात, नगरहून आष्टी-जामखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील कडा या बाजारगावी ट्रक आणि ट्रॅक्टर उभे राहू लागतात. त्यांत चढते ते सामान नसते, संसार असतो. पत्र्याची पेटी, भांडीकुंडी, पाण्याचे पिंप, बाजरीची गोणी, एखादी शेळी, कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री. आणि या सर्वांवर बसलेली माणसे व मुले. कड्याला सप्टेंबर २०२२ मध्ये रेल्वे आली. सप्टेंबर २०२५ मध्ये तिचे रूळ बीडपर्यंत पोचून गाडी सुरू झाली. ज्या मागणीसाठी मराठवाड्यातील दोन पिढ्यांनी निवेदने दिली ती पुरी झाली, याचा आनंद सर्वांना आहे. पण ऊसतोडणी मजूर त्या गाडीने जात नाही. रेल्वे प्रवाशाला नेते. येथे घरच उचलून न्यायचे असते, आणि ते मुकादमाने ठरवलेल्या वाहनातूनच न्यायचे असते.

जगाच्या दुसऱ्या टोकाला याच सुमारास आणखी काही माणसे वाहनात संसार मांडून निघतात. ऑस्ट्रेलियात १९७५ पासून परदेशी तरुणांना सुट्टीबरोबर काम करण्याचा परवाना मिळतो. २००५ पासून अशी तरतूद आहे की, ज्याने ग्रामीण भागात शेती, पशुपालन, मासेमारी अशी ठरावीक कामे तीन महिने केली त्याला आणखी एक वर्ष राहता येते. तरुण मुलेमुली एखादी जुनी व्हॅन विकत घेतात, तिच्यात अंथरूण आणि चूल मांडतात, किनाऱ्याकिनाऱ्याने फिरतात, गळ टाकून मासे धरतात, आणि मालक गावाला गेला असेल तर त्याच्या शेताची, गुराढोरांची राखण करून त्या बदल्यात राहायला जागा मिळवतात. २०२४ पासून भारतीय तरुणांसाठीही या परवान्याच्या वर्षाला १,००० जागा ठेवल्या आहेत. वय १८ ते ३०, इंग्रजीचे ज्ञान आणि शाळेपुढचे शिक्षण या अटी आहेत. या जीवनाची छायाचित्रे आपल्याकडेही कौतुकाने पाहिली जातात, आणि त्याला ‘स्वातंत्र्य’ असे नाव दिले जाते.

या तरुणांची थट्टा करण्याचे कारण नाही. माणसाने फिरावे, हाताने काम करावे, परक्याच्या शेताची निगा राखावी, यात वावगे काहीच नाही. प्रश्न वेगळा आहे. चाकावरचा संसार, शेतातले काम, समुद्रावरची मासेमारी आणि दुसऱ्याच्या मालमत्तेची राखण या चारही गोष्टी महाराष्ट्रात लाखो माणसे करतात. मग त्यांच्या वाट्याला आलेल्या या जीवनाला कोणी स्वातंत्र्य का म्हणत नाही? फरक वाहनात नाही आणि कामातही नाही. निघताना कोण कोणाचे देणे लागतो, मागे राहिलेल्या घराची राखण कोण करतो आणि माणूस जेथे पोचतो तेथे त्याच्याबरोबर त्याचे हक्क पोचतात की नाही, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत तो फरक आहे.

मागे राहिलेले शेत

आष्टी तालुका हा पर्जन्यछायेचा. खरिपात बाजरी, तूर, कापूस, कांदा, रब्बीत ज्वारी. कड्याच्या बाजार समितीत कांद्याची मोठी आवक होते, पण कांद्याच्या भावाने शेतकऱ्याला दोन वर्षे सलग हात दिला असे क्वचितच घडते. कड्याला उभा राहिलेला सहकारी साखर कारखानाही बंद पडला. ज्या भूमीत मजूर आहे तेथे ऊस नाही, आणि जेथे ऊस आहे तेथील शेतकरी तो स्वतः तोडत नाही. पश्चिम महाराष्ट्राच्या सिंचनाचा आणि मराठवाड्याच्या कोरडवाहू शेतीचा हा एकच हिशेब आहे. फक्त तो दोन वेगवेगळ्या वह्यांत लिहिला जातो.

ऊसतोडणीला जाणारा हा मजूर बहुधा भूमिहीन नसतो. त्याच्याकडे दोन-तीन एकर जमीन असते. तो सांगली-कोल्हापूरच्या फडात असताना त्याच्या जमिनीतील ज्वारी म्हातारा बाप राखतो. पाखरे हाकलणे, रानडुकरांसाठी रात्री जागणे, शेळ्यांना पाला तोडणे, नातवंडांना शाळेत धाडणे, ही सारी कामे साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांवर पडतात. हंगामी वसतिगृहांची योजना आहे, परंतु ती वेळेवर सुरू होण्यावर सारे अवलंबून असते. ती उशिरा उघडली की मूल आधीच ट्रॅक्टरवर चढलेले असते. गावात राहिलेल्या या म्हाताऱ्यांच्या श्रमाची नोंद कोणत्याही हजेरीपटावर नाही. पण ते श्रम नसते तर त्यांचा मुलगा पाच-सहा महिने घर सोडून जाऊच शकला नसता. याचा अर्थ असा की, साखरेच्या प्रत्येक पोत्यात आष्टी, पाटोदा, शिरूर कासार येथील वृद्धांची न दिलेली मजुरी मिसळलेली आहे.

अर्थशास्त्रात यासाठी एक सरळ कसोटी आहे. एखाद्या धंद्याला लागणारा श्रमिक वाढवण्याचा, त्याच्या आजारपणाचा, त्याच्या म्हातारपणाचा खर्च त्या धंद्याने दिला नाही, तर तो दुसऱ्या कोणी तरी देत असतो. येथे तो कोरडवाहू गाव देते. म्हणजे गरीब प्रदेश श्रीमंत प्रदेशाला दरवर्षी अनुदान देतो, आणि वर मागास म्हणवून घेतो.

बागेत आणि बंदरात

कड्याचा काफिला समुद्राकडे जात नाही. पण समुद्राकाठी जे घडते ते समजून घेतल्यावाचून कड्याचा प्रश्न पुरता उलगडत नाही, कारण तेथे हीच रचना दुसऱ्या पोशाखात उभी आहे. महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर लांबीचा म्हणून शाळेत शिकवला जात असे. अलीकडच्या नव्या मोजणीत तो सुमारे ८७८ किलोमीटर भरला. या किनाऱ्यावर रत्नागिरी-सिंधुदुर्गात दोन धंदे शेजारी शेजारी चालतात: हापूस आंब्याच्या बागा आणि यांत्रिक नौकांची मासेमारी. दोन्ही धंद्यांतील कष्टाची कामे आज मोठ्या प्रमाणावर बाहेरून आलेली माणसे करतात, आणि त्यांत नेपाळी कामगारांची संख्या ठळकपणे डोळ्यांत भरते.

आंब्याच्या बागेत पावसाळा संपल्यापासून मे महिन्यापर्यंत राखणदार लागतो. मोहोर आला की फवारणी, फळ धरले की माकडे आणि वानरे, फळ पक्व होऊ लागले की चोर, आणि गवत वाळले की वणवा. एक वणवा वीस-पंचवीस वर्षे वाढवलेली कलमे एका दुपारी होरपळून टाकतो. म्हणून मालक रत्नागिरीत, पुण्यात किंवा मुंबईत राहतो आणि बागेतल्या मांगरात नेपाळी कुटुंब राहते. नवरा राखण करतो, बायको पालापाचोळा काढते, पाणी घालते. हंगामात दोघेही झेल्याने आंबे उतरवतात आणि पेट्या भरतात. रात्री पावलांचा आवाज आला तर उठायचे दोघांनीही.

मिरकरवाडा, हर्णै, जयगड, देवगड या बंदरांत तेच दृश्य नौकांवर दिसते. पूर्वी कोळी, दालदी, गाबीत, भंडारी समाजांच्या होड्यांवर घरचीच माणसे जात आणि मासळीचे वाटे पडत: नौकेचा एक, जाळ्याचा एक, माणसांचे आपापले. इंजिन आले, बर्फ आला, जाळी मोठी झाली, भांडवल वाढले, तसा वाटेकरी मागे पडून पगारी खलाशी पुढे आला. पर्ससीन जाळ्याच्या नौकेला पंचवीस-तीस माणसे लागतात. ती स्थानिक घरांतून मिळत नाहीत. नाखवा आणि तांडेल स्थानिक, तर खलाशी नेपाळचा, कर्नाटकाचा, आंध्रचा किंवा उत्तर प्रदेशचा, अशी विभागणी झाली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. तेव्हा खलाशी घरी जातो आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास परत येतो. उसाच्या फडाला जसा दसरा, तशी बंदराला ही पौर्णिमा.

नौका नांगरलेली असली तरी खलाशाचे काम संपत नाही. नौकेवर कोणी तरी झोपावे लागते. इंजिन, जाळी, बिनतारी यंत्र यांची किंमत मोठी, आणि रात्री वारा सुटला तर नांगर सांभाळावा लागतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले तेव्हा देवगडच्या आनंदवाडी बंदरात नांगरलेल्या नौका फुटल्या आणि त्यांवरील खलाशी बळी पडले. ते मासे धरायला गेले नव्हते. ते बंदरातच होते, दुसऱ्याच्या नौकेवर. सर्व होड्या किनाऱ्याला लागल्या असता त्यांना मृत्यू आला, हे राखणीच्या कामाचे खरे स्वरूप आहे.

राखण हे काम आहे

राखणदाराच्या कामाची एक आर्थिक अडचण आहे, आणि तिच्यामुळेच तो नेहमी हिशेबाबाहेर राहतो. तोडणारा ऊस टनात मोजता येतो, उतरवलेला आंबा पेटीत, धरलेली मासळी टोपलीत. राखणदाराने निर्माण केलेली वस्तू मात्र दिसत नाही. कारण त्याचे उत्पादन म्हणजे न झालेली चोरी, न लागलेला वणवा आणि न बुडालेली नौका. जे घडले नाही त्याची किंमत कशी मांडायची? बाजार यावर सोपे उत्तर देतो: मांडूच नये. मग राखणीला ‘राहायला जागा दिली आहे’ असे म्हटले जाते, म्हणजे मोबदला देणारा उपकारकर्ता ठरतो. रायगड जिल्ह्यात मुंबईकरांच्या फार्महाऊसवर राहणाऱ्या कातकरी व ठाकर कुटुंबांबाबत हीच भाषा कानावर पडते. घर दिले, वीज दिली, आणखी काय हवे?

या वाक्यात दोन गोष्टी लपवल्या जातात. पहिली अशी की, ते घर राखणदाराच्या सोयीसाठी नसून मालमत्तेच्या सोयीसाठी आहे. तो तेथे राहत नसता तर ते घर बांधलेच गेले नसते. दुसरी अशी की, कामाचे तास ज्याला नाहीत त्याला विश्रांतीही नाही. गिरणीतील पहारेकरी पाळी संपली की घरी जातो. बागेतील राखणदार रात्रंदिवस कामावर असतो आणि म्हणून कागदावर कधीच कामावर नसतो. महाराष्ट्राने १९८१ साली खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी कायदा केला आणि त्याखाली मंडळे स्थापली. शहरातील अनेक पहारेकऱ्यांना त्याचा आधार मिळाला. पण मांगरात राहणाऱ्या माणसापर्यंत तो कायदा पोचलेला नाही. जणू कारखान्याच्या दाराशी उभे राहणे हे काम आहे आणि आंब्याच्या झाडाखाली जागणे ही विश्रांती आहे!

उचल

फडातला मजूर, बंदरातला खलाशी आणि बऱ्याचदा बागेतला राखणदार यांना बांधणारा धागा म्हणजे उचल, आगाऊ घेतलेली रक्कम. पावसाळ्यात हातात पैसा नसतो. लग्न, आजारपण, बियाणे, जुने देणे यांसाठी मुकादमाकडून किंवा मालकाकडून रक्कम घेतली जाते आणि ती पुढच्या हंगामात श्रमाने फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल दोघांच्या नावे फिटते, हिशेब मात्र नवऱ्याशी होतो. बाईचे आजारपण म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे दंड. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, चौकशी समिती नेमली गेली. त्या शस्त्रक्रियांच्या मुळाशी वैद्यकातील लोभ होताच. पण खाड्याच्या दंडाची भीतीही होती.

या व्यवहारात केवळ मजूरच फसतो असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. उचल घेऊन टोळी पळून गेल्याने मुकादम बुडाले आहेत, ट्रॅक्टर-मालकांच्या जमिनी गहाण पडल्या आहेत. ऐन हंगामात खलाशी निघून गेल्याने नौका आठ-आठ दिवस बंदरात उभ्या राहतात, ही नाखव्यांची तक्रारही खोटी नाही. आंबा-बागायतदार म्हणजे सरसकट धनिक नव्हे. अवकाळी पाऊस, फुलकिडे आणि पडलेले भाव यांनी तो अनेकदा कर्जबाजारी असतो. पारंपरिक मच्छीमार तर पर्ससीन आणि प्रकाशझोत लावून केल्या जाणाऱ्या मासेमारीने आधीच नागवला गेला आहे. शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले तरी त्या झगड्याचा शेवट झालेला नाही.

परंतु दोन्ही बाजू असुरक्षित असणे हा उचलीच्या बाजूचा युक्तिवाद होऊ शकत नाही. तो तिच्याविरुद्धचा युक्तिवाद आहे. येथे कर्जाचा व्यवहार आणि श्रमाचा व्यवहार एकाच गाठीत बांधले गेले आहेत. ज्याने कर्ज दिले तोच मजुरीचा दर ठरवतो, तोच वजन लिहितो, तोच हिशेब करतो. मजुराला सावकार बदलता येत नाही कारण तो मजूर आहे, आणि मालक बदलता येत नाही कारण तो कर्जदार आहे. व्हॅनमधला तरुण एका शेतावर मन रमले नाही तर दुसऱ्या दिवशी चावी फिरवून पुढे निघतो. कड्याच्या माणसाला ती चावी उपलब्ध नाही. वाहन मुकादमाचे आहे, एवढेच त्याचे कारण नाही. त्याचा पुढचा हंगाम आधीच खर्च झालेला आहे, हे खरे कारण आहे.

कायद्याने हे पूर्वीच ओळखले आहे. १९७६ च्या वेठबिगारविषयक कायद्याने आगाऊ रकमेपोटी स्वातंत्र्य गमावून करावे लागणारे काम ही वेठबिगार मानली. १९८२ मध्ये एशियाड बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याही पुढे जाऊन सांगितले की, किमान वेतनाहून कमी मोबदल्यात माणूस राबतो तेव्हा ती संविधानाच्या २३ व्या कलमाने मना केलेली सक्तीच असते. भूक हीसुद्धा सक्तीच आहे. चार दशके उलटली. निकाल ग्रंथालयात आहे आणि उचल गावात आहे.

कायद्याची कुंपणे

१९७९ साली स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला. ठेकेदाराने दुसऱ्या राज्यात नेलेल्या कामगाराला विस्थापन भत्ता, प्रवास भत्ता, निवास मिळावा अशी त्याची योजना होती. पण तो ‘आंतरराज्य’ होता. कड्याचा मजूर सांगलीला गेला तर तो या कायद्याने स्थलांतरित ठरत नाही. कागल ओलांडून निपाणीकडे गेला की कागदोपत्री ठरतो. तीच टोळी, तोच कोयता, तोच ऊस; मध्ये फक्त राज्याची सीमा. नेपाळी खलाशी तर कोणत्याच ‘राज्या’तून आलेला नाही. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्याला येथे येण्याची, राहण्याची, काम करण्याची मोकळीक आहे, पण मोकळीक म्हणजे संरक्षण नव्हे. दरवाजा उघडा आहे, घरात जागा नाही.

हा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. पूर्वी पाच कामगारांना लागू होणारी तरतूद आता दहांना लागू होते. विस्थापन भत्ता गेला, प्रवास भत्ता राहिला. दोन माणसांच्या बागेला आणि लहान नौकेला ही संहिता दुरूनच पाहते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा या अपुरेपणाची किंमत सर्वांनी पाहिली. कारखान्यांच्या परिसरात अडकलेल्या सुमारे १ लाख ३१ हजार ऊसतोड मजुरांना गावी जाऊ देण्याचा निर्णय एप्रिलच्या मध्यावर झाला. कोकणातले नेपाळी कामगारही अडकून पडले होते. फिरत्या श्रमावर चालणाऱ्या अर्थव्यवस्थेला तिचे श्रमिक कोठे आहेत हेच ठाऊक नव्हते.

येथे ऑस्ट्रेलियाचे उदाहरण पुन्हा उपयोगी पडते. तेथेही सारे आलबेल नव्हते. फळबागांत पेटीच्या हिशेबाने राबणाऱ्या परदेशी तरुणांना तासाला तुटपुंजी मजुरी पडत असे. कामगार संघटनेने हा प्रश्न तेथील श्रम-न्यायाधिकरणापुढे नेला, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये निर्णय झाला की, मोजमाप नगावर असले तरी तासाच्या किमान वेतनाखाली कोणाचीही मजुरी जाता कामा नये. एप्रिल २०२२ पासून तो अमलात आला. म्हणजे ज्या भटकंतीला स्वातंत्र्य म्हणून मिरवले जाते, तिच्याखालीही संघटनेने मिळवलेली जमीन आहे. ती जमीन नसती तर तीसुद्धा पलायनच ठरली असती.

काय करता येईल

यासाठी नवीन तत्त्व शोधण्याची गरज नाही. महाराष्ट्रानेच ते दिलेले आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने मान्य केले की, जो कामगार कोणा एका मालकाचा नाही त्याची जबाबदारी धंद्याने एकत्रितपणे घ्यावी. मालकाची नोंद, कामगाराची नोंद, मजुरी मंडळामार्फत, आणि तिच्यावर ठरावीक लेव्ही. पुण्यात बाबा आढाव यांनी उभारलेल्या हमाल पंचायतीने दाखवून दिले की, पाठीवर पोते वाहणारा माणूस भविष्यनिर्वाह निधीचा धनी होऊ शकतो. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ निघाले आणि गाळपाच्या टनामागे १० रुपये कारखान्यांनी व तितकेच शासनाने द्यावेत असे ठरले. तत्त्व योग्य आहे. पण महामंडळ कल्याणाच्या योजना वाटत राहिले आणि मजुरीचा व उचलीचा व्यवहार मुकादमाच्या वहीतच राहिला, तर ते मंडळ न होता केवळ दानपेटी होईल.

म्हणून पहिली मागणी अशी असावी की, उचल ही मजुरीपासून तोडावी. पावसाळ्यातील कर्ज सहकारी बँकेने किंवा मंडळाने द्यावे, त्याची लेखी नोंद असावी आणि ते कोणाही मालकाकडे काम करून फेडता यावे. कर्ज व्यक्तीच्या नावे असावे, आणि कोयत्यातील स्त्रीची मजुरी तिच्या खात्यात जावी.

दुसरी मागणी मासेमारीची. २२ एप्रिल २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. वीज, कर्ज, विमा यांत मच्छीमारांना शेतकऱ्यांसारख्या सवलती मिळतील, हे स्वागतार्ह आहे. पण दर्जा धंद्याला मिळाला, खलाशाला नाही. ज्या नौकेला डिझेलचा परतावा सार्वजनिक तिजोरीतून मिळतो, तिच्यावरील प्रत्येक खलाशाचे नाव, विमा आणि लेखी करार यांची नोंद ही त्या परताव्याची अट असली पाहिजे. त्याचे गाव आष्टीत आहे की नेपाळात, हा प्रश्न बुडताना समुद्र विचारत नाही. भरपाई देतानाही कोणी विचारू नये.

तिसरी मागणी राखणीची. राखण हे काम आहे असे कायद्यात स्पष्ट लिहावे. तिचे तास ठरावेत, बदली माणूस ठरावा, राहण्याची जागा मजुरीतून वजा होऊ नये. आंब्याच्या पेटीमागे आणि मासळीच्या लिलावामागे अल्पशी लेव्ही बसवली तर लहान बागायतदारावर आणि लहान होडीवाल्यावर एकट्याने भार पडणार नाही. तो शेवटी फळ खाणाऱ्यावर आणि निर्यात करणाऱ्यावर विभागला जाईल.

हे सारे शासनाने करावे असे म्हणून कार्यकर्त्याची सुटका होत नाही. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि संघटना यांच्यातील करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, हे संघटनेचे यश आहे. पण दराच्या लढ्यात मागे राहिलेला म्हातारा, ट्रॅक्टरवर चढलेले मूल आणि वहीतली उचल हे विषय टेबलावर येत नाहीत. ती उणीव चळवळीची आहे. कोकणात नेपाळी माणसाविरुद्ध कुजबुज सुरू झाली की ‘आपल्या पोरांची कामे गेली’ हे वाक्य सोपे वाटते. पण कड्याचा माणूस सांगलीच्या शिवारात असाच परका असतो, गावाबाहेर कोपीत असतो, आणि चोरी झाली की पहिला संशय त्याच्यावर येतो. एका ठिकाणी परक्याचा द्वेष पेरून दुसऱ्या ठिकाणी आपल्या माणसासाठी न्याय मागता येत नाही. आष्टीच्या कार्यकर्त्याने मिरकरवाड्याच्या खलाशाचा प्रश्न आपला मानला आणि देवगडच्या कार्यकर्त्याने कोपीतल्या मुलाचा प्रश्न आपला मानला, तरच ‘श्रमिक’ हा शब्द उच्चारण्याचा अधिकार राहील.

१९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला रोजगार हमी शिकवली, आणि १९७७ साली मागेल त्याला काम देण्याचा कायदा झाला. त्यामागे एक विचार होता: माणसाला गाव सोडावेच लागू नये. तो विचार अपुरा राहिला, आणि आता त्याला जोड दुसऱ्या विचाराची हवी: ज्याला गाव सोडायचे आहे त्याला ते मोकळ्या मनाने सोडता यावे आणि मान वर करून परत येता यावे. हंगाम संपला की कड्याच्या रस्त्यावर तेच ट्रॅक्टर परत येतात. त्यांतून उतरणाऱ्या माणसाला आधी हिशेब करावा लागतो की किती फिटले आणि किती राहिले; मग तो शेताकडे जातो, जेथे त्याच्या बापाने सहा महिने ज्वारी राखलेली असते. ऊस, आंबा, मासळी आणि नौका यांची राखण ज्यांनी केली, त्यांच्या घराची, श्रमाची आणि जिवाची राखण करणे हे ज्या दिवशी समाजाचे काम ठरेल, त्या दिवशी या माणसाच्या प्रवासालाही स्वातंत्र्य म्हणता येईल.